भाराभर चिंध्यांची गोधडी

एखाद्या घरात असे एक मूल असते. गेल्या वर्षी त्याला रेल्वेची वेळापत्रके पाठ करण्याचा नाद होता, यंदा जुनी घड्याळे उघडण्याचा आहे, पुढच्या वर्षी कदाचित मुंग्यांच्या वारुळांचा असेल. ज्या गोष्टीचा नाद लागेल तिच्यात ते इतके बुडून जाते की जेवणाची हाकही त्याला ऐकू येत नाही. पाहुणे आले की मात्र ते आतल्या खोलीत जाऊन बसते. कोणी नाव विचारले तर मान खाली घालते. शाळेतून चिठ्ठी येते, शेजारीपाजारी सल्ले देतात आणि घरातली वडीलधारी माणसे जुनी म्हण ऐकवतात, एक ना धड भाराभर चिंध्या. आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. याचे पुढे होणार तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर कोणी आधीच देऊ शकत नाही. पण अशाच एका माणसाची गोष्ट सांगता येते. ती दोनशे वर्षांपूर्वीची आणि लंडनमधली आहे. तरीही तिच्यात आपले पंचांग आहे.

सन १७९२. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख छापून आला. हिंदू लोकांचे व्यवहारातले वर्ष आणि त्याचे विभाग, हा त्याचा विषय. लेखकाने तीन हिंदू पंचांगे समोर ठेवून कालगणनेची ही रीत उलगडण्याचा प्रयत्न केला होता. पंचांगे होती चार्ल्स विल्किन्सची. १७८५ मध्ये भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारा तो हाच विल्किन्स. लेखक मात्र ना संस्कृतचा पंडित होता, ना कंपनी सरकारचा अधिकारी. हिंदुस्थानात तो कधी आलाही नव्हता. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालताना तिथी कुठे वाढते, कुठे क्षय पावते, अधिक महिना कुठून येतो, हे गणित पाडव्याला घरात नवे पंचांग आणणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? साठीला आलेला एक इंग्रज गृहस्थ त्या आकड्यांत रमला होता. त्याचे नाव हेन्री कॅव्हेंडिश.

शाळेच्या पुस्तकात हे नाव आपल्याला हायड्रोजन वायूच्या धड्यात भेटते आणि तिथेच संपते. त्या नावामागचा माणूस मात्र धड्यात मावणारा नव्हता.

वडिलांचा हात

हेन्रीचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या गावी झाला. घराणे इंग्लंडमधले अत्यंत बडे. एक आजोबा डेव्हनशायरचे ड्यूक, दुसरे केंटचे ड्यूक. पण हेन्री दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच आई गेली. मागे राहिले वडील लॉर्ड चार्ल्स, हेन्री आणि धाकटा फ्रेडरिक.

हॅकनी येथील शाळा, मग केंब्रिजचे पीटरहाउस कॉलेज असे शिक्षण झाले. १७५३ मध्ये हेन्रीने पदवी न घेताच केंब्रिज सोडले आणि तो लंडनला वडिलांच्या घरी परतला. बड्या घरचा मुलगा म्हणजे पुढे पार्लमेंट किंवा दरबार, ही त्या काळची रीत. हा मुलगा तर चार माणसांत तोंड उघडायला घाबरत होता. वडिलांना याची काळजी वाटली नसेल असे म्हणवत नाही. पण त्यांनी केले ते विलक्षण होते. मुलाला दरबारात ढकलण्याऐवजी त्यांनी त्याला आपल्या प्रयोगांच्या खोलीत घेतले.

लॉर्ड चार्ल्स स्वतः हौशी पण पक्के प्रयोगकर्ते होते. दिवसातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान आपोआप नोंदणारे तापमापक त्यांनी तयार केले. त्याबद्दल १७५७ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. पुढच्या वर्षापासून ते मुलाला पाहुणा म्हणून सोसायटीच्या सभांना आणि सभासदांच्या जेवणाच्या क्लबला नेऊ लागले. १७६० मध्ये हेन्री स्वतः सोसायटीचा सभासद झाला, आणि १७६६ मध्ये तेच कॉप्ली पदक त्यालाही मिळाले. बापलेक १७८३ पर्यंत, म्हणजे वडील जाईपर्यंत, एकाच घरात राहिले. तेव्हा हेन्री पन्नाशी ओलांडून गेला होता.

दारात उभा राहणारा पाहुणा

कॅव्हेंडिशच्या स्वभावाच्या कथा त्याच्या चरित्रकारांनी जमवून ठेवल्या आहेत. त्याचा आवाज बारीक आणि चिरका होता, बोलणे अडखळत. अंगात विटलेल्या जांभळ्या रंगाचा, जुन्या तऱ्हेचा कोट आणि डोक्यावर तिकोनी टोपी. जेवणात मेंढीची तंगडी ठरलेली. एकदा काही पाहुणे येणार होते. एक तंगडी पुरायची नाही असे घरातल्या बाईने सांगताच त्याने दोन करायला सांगितल्या, आणि विषय संपला. जेवणाचा हुकूमही तो तोंडाने देत नसे. दिवाणखान्यातल्या टेबलावर चिठ्ठी ठेवून देई. जिन्यावर एकदा मोलकरीण समोर आली तेव्हा तो इतका कासावीस झाला की त्याने घराला मागच्या बाजूने दुसरा जिना बांधून घेतला, असे सांगतात. त्याच्या नजरेस पडणाऱ्या मोलकरणीला नोकरी गमवावी लागे, असेही सांगतात. त्या बिचारीचा दोष काय, हा प्रश्न आपल्याला पडतोच, आणि तो पडायलाही हवा.

रोजची फेरी ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने. ओळखीचे कोणी भेटून बोलायला लागू नये म्हणून रस्त्याच्या मधोमध चालायचे. दोन स्त्रिया आपल्याकडे पाहत आहेत असे ध्यानात आल्यावर त्याने फेरीची वेळ बदलून रात्रीची केली. मात्र क्लॅपहॅमला याच माणसाने बिथरलेल्या गाईपुढे धावून जाऊन एका बाईला वाचवल्याचीही आठवण नोंदलेली आहे. माणसांपासून दूर पळणारा माणूस माणुसकीपासून दूर असतोच असे नाही.

पैसा अफाट होता, पण त्याचे भान नव्हते. ऐंशी हजार पौंड नुसते खात्यावर पडून आहेत, त्यांचे काय करावे, हे विचारायला पेढीचा माणूस घरी आला तेव्हा कॅव्हेंडिश वैतागला. निम्मे कुठेतरी गुंतवा आणि पुन्हा या कामासाठी मला त्रास देऊ नका, अशा अर्थाचे सांगून त्याने त्याला वाटेला लावले. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तो काटेकोर होता. त्याचे ग्रंथालय अभ्यासकांसाठी खुले होते, आणि स्वतःचेच पुस्तक घरी नेतानाही तो रीतसर नोंद करी.

असा हा माणूस रॉयल सोसायटीच्या दर गुरुवारच्या जेवणाला मात्र वर्षानुवर्षे न चुकता जात असे. सर जोसेफ बँक्सच्या घरी शास्त्रज्ञांची बैठक भरे, तिथेही येई. आत जायचा धीर होईपर्यंत जिन्याच्या चौकात घुटमळत राही. एकदा तिथे एका ऑस्ट्रियन पाहुण्याने त्याच्या तोंडावर स्तुती सुरू केली. कॅव्हेंडिश खाली मान घालून उभा राहिला आणि गर्दीत फट दिसताच धावत जाऊन आपल्या गाडीत बसला.

त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक तोडगा काढला होता. त्याच्याकडे थेट पाहायचे नाही. त्याच्या जवळ उभे राहून, जणू हवेशी बोलतो आहोत अशा रीतीने विषय काढायचा. विषय त्याच्या आवडीचा निघाला तर तो हळूच बोलू लागे, आणि मग ऐकणाऱ्याच्या पदरात मोलाचे काही पडे. तू आमच्यासारखा हो, असा आग्रह या मंडळींनी धरला नाही. त्यांनी आपलीच बोलण्याची रीत थोडी बदलली.

२००१ साली ऑलिव्हर सॅक्स या नामवंत मेंदूविकारतज्ज्ञाने एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की कॅव्हेंडिशच्या वागण्यात अस्पर्गर सिंड्रोमची लक्षणे ठळक दिसतात. ही संज्ञा आता वेगळी धरली जात नाही, स्वमग्नतेच्या विस्तृत पटातच तिचा समावेश होतो. मेंदूची घडणच वेगळी असलेल्या अशा माणसांना आज न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नाडी आता पाहता येत नाही, तेव्हा निदान पक्के झाले असे कोणी म्हणू नये. पण अशी मुले ज्या घरांत आहेत त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल, एवढे खरे.

एक माणूस, अनेक नाद

आता त्याचे नाद पाहू. १७६६ मध्ये त्याने वायूंवरचे निबंध प्रसिद्ध केले. धातूवर आम्ल टाकल्यावर निघणारा, पेट घेणारा वायू हा एक स्वतंत्र पदार्थ आहे आणि तो साध्या हवेपेक्षा कितीतरी हलका आहे, हे त्याने मोजून दाखवले. हाच हायड्रोजन. यानंतर एखादा माणूस जन्मभर वायूच धरून बसला असता. कॅव्हेंडिश विजेकडे वळला.

विजेचा धक्का देणारा टॉर्पेडो नावाचा मासा असतो. हा धक्का खरोखर विजेचाच असतो का, याबद्दल तेव्हा वाद होता. कॅव्हेंडिशने लाकूड आणि कातडे वापरून नकली मासे बनवले, त्यांना विजेच्या बरण्या जोडल्या आणि खाऱ्या पाण्यात ठेवले. १७७५ मध्ये त्याने काही जाणकारांना घरी बोलावून तो मासा हातात दिला. त्यांत जॉन हंटरसारखा शरीररचनेचा तज्ज्ञही होता. माणसांना टाळणाऱ्या या माणसाने आपले खेळणे दाखवायला मात्र आपणहून दार उघडले. नाद हा असा पूल असतो. ज्याला गप्पा मारता येत नाहीत त्यालाही आपल्या आवडीची वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवता येते.

पुढे उष्णतेचा अभ्यास, पारा कोणत्या तापमानाला गोठतो याची तपासणी, सोसायटीच्या हवामान-उपकरणांची पाहणी. मग पुन्हा हवा. गावागावाची हवा कमीअधिक चांगली असते अशी समजूत होती. कॅव्हेंडिशने लंडनची आणि बाहेरच्या केन्सिंग्टनची हवा दिवसामागून दिवस तपासली आणि १७८३ मध्ये सांगितले की फरक काही नाही. हवेत प्राणवायूचे प्रमाण त्याच्या मोजणीनुसार शेकडा २०.८३ येते. आजचा आकडा २०.९५ आहे. १७८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने हायड्रोजन आणि हवा यांच्या मिश्रणात विजेची ठिणगी पाडली होती. भांड्यात दव जमले, आणि ते निव्वळ पाणी होते. पाणी हे मूलद्रव्य नव्हे हे कळण्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. उन्हाळ्यात चार्ल्स ब्लॅग्डन या सहकाऱ्याबरोबर तो इंग्लंडभर हिंडे, खडक आणि कारखाने पाही. पंचांगांचे प्रकरण यानंतरचे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा पसारा वाटेल. वायू, मासा, पारा, खडक, पंचांग. पण आतून एकच धागा जातो. जे मोजता येईल ते मोजायचे, आणि मोजताना चूक कुठे शिरते ते शोधायचे. विषय बदलत होते, मनाची पद्धत बदलत नव्हती.

सगळे नाद एका खोलीत

हे सारे धागे एकत्र आले ते १७९७ मध्ये. जॉन मिचेल नावाच्या पाद्रीमित्राने पृथ्वीची घनता मोजण्यासाठी एक उपकरण बनवले होते. प्रयोग करण्याआधीच १७९३ मध्ये तो वारला. ते उपकरण फिरत फिरत कॅव्हेंडिशकडे आले. त्याने त्याचा बहुतेक भाग नव्याने घडवला.

कल्पना दिसायला साधी. सहा फुटांची हलकी लाकडी दांडी बारीक तारेने आडवी टांगायची. तिच्या दोन टोकांना शिशाचे दोन इंची गोळे. त्यांच्याजवळ शिशाचेच एक फूट व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलो वजनाचे दोन मोठे गोळे आणायचे. मोठा गोळा लहानाला ओढील, दांडी किंचित वळेल आणि तारेला पीळ पडेल. पिळावरून ओढ कळेल. पृथ्वी त्याच लहान गोळ्याला किती ओढते हे तर वजनावरून ठाऊकच आहे. दोन्हींची तुलना केली की पृथ्वी किती घट्ट आहे हे कळले.

अडचण अशी की ही ओढ त्या लहान गोळ्याच्या वजनाच्या पाच कोटींमधील एका भागाहूनही कमी. माणूस नुसता जवळ उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते आणि दांडी वळते. इथे कॅव्हेंडिशचे जुने नाद कामाला आले. उष्णतेचा अभ्यास होता म्हणून उबेचा धोका त्याने ओळखला. उपकरण पेटीत घातले, पेटी बंद खोलीत ठेवली. गोळे बाहेरून कप्प्यांवर फिरवायचे आणि भिंतीत बसवलेल्या दुर्बिणीतून पाहायचे, अशी सोय केली. संशय फिटावा म्हणून त्याने गोळे मुद्दाम तापवून काय होते तेही पाहिले. चुंबकत्व ठाऊक होते म्हणून गोळे टांगणाऱ्या लोखंडी सळ्यांवर त्याची नजर गेली, आणि त्या बदलून त्याने तांब्याच्या बसवल्या. उपकरणांची पारख तर त्याने बापाच्या घरातच केली होती. आयुष्यभर चिंध्या म्हणून जमवलेला एकेक तुकडा इथे शिवला गेला.

महिनोन्महिने, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तो त्या अंधाऱ्या खोलीबाहेर दुर्बिणीला डोळा लावून बसला. १७९८ मध्ये उत्तर आले. पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घट्ट आहे. आजचा आकडा ५.५१ आहे. गमतीची गोष्ट म्हणजे इतक्या काटेकोर माणसाच्या बेरजेत एक किरकोळ चूक राहिली होती. ती सुधारल्यावर उत्तर ५.४५ च्या आसपास येते. तरीही पृथ्वी तोलण्याचा मान त्याच्याकडेच राहिला.

कपाटात राहिलेले कागद

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. कॅव्हेंडिश शोध लावी तो स्वतःच्या समाधानासाठी. छापून आलेले लेख विशीही गाठत नाहीत. २४ फेब्रुवारी १८१० रोजी तो क्लॅपहॅमला वारला. संपत्ती नातलगांकडे गेली, विज्ञानाच्या कामासाठी त्याने काही ठेवले नाही. कागदपत्रांचे गठ्ठे तसेच पडून राहिले.

१८७४ मध्ये केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उघडली. डेव्हनशायरच्या सातव्या ड्यूकने, म्हणजे त्याच घराण्यातल्या पुरुषाने, तिच्यासाठी पैसा दिला होता. तिथले पहिले प्राध्यापक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी हेन्रीचे विजेवरचे कागद पुढे घेतले, त्यातले प्रयोग तपासले आणि १८७९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तेव्हा जगाला कळले की विजेच्या ओढीचा जो नियम कूलंबच्या नावाने १७८५ पासून ओळखला जातो, तो या माणसाने १७७३ च्या सुमारास प्रयोगाने पडताळला होता. ओमच्या नियमापर्यंतही तो १७८१ मध्ये पोचला होता. प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते, म्हणून स्वतःच्या हाताला किती जोराचा झटका बसतो यावरून त्याने मोजले.

एक बुडबुडा तर शंभर वर्षे वाट पाहत राहिला. १७८५ मध्ये हवेतला नायट्रोजन काढून घेताना शेवटी एक छोटासा बुडबुडा उरतो असे त्याने नोंदले होते. फार तर एकशेविसावा भाग. १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्झी यांनी जाहीर केलेला अरगॉन वायू तो हाच. ही नोंद निदान छापलेली होती. जे छापलेच नाही त्याने मात्र विजेचे ज्ञान काही दशके मागे ठेवले असे म्हणावे लागते. एकटेपणाची किंमत अशीही असते, आणि ती एकट्यालाच मोजावी लागते असे नाही.

पुढे याच प्रयोगशाळेत १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला. मुंबईचे होमी भाभा १९३० च्या दशकात तिथेच काम करत होते. परत आल्यावर १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. भाभा चित्रेही काढत, संगीतातही रमत. एका विषयाला जन्म वाहणे हा ज्ञानाचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

आपल्या घरासाठी

कॅव्हेंडिशला हे जमले कारण तो गडगंज होता, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. दोन खोल्यांच्या घरात मागचा जिना बांधता येत नाही. फी भरायची असते, परीक्षेचे गुण विचारले जातात, आणि मोठेपणी पोट भरावे लागते. ही काळजी खोटी नाही. शिवाय प्रत्येक वेगळे मूल काही कॅव्हेंडिश नसते, आणि त्याने तसे व्हावे अशी अट घालणे हाही एक जाचच आहे. नाद हा कर्तबगारीसाठी भरलेला विमा नव्हे. ज्या मुलाला माणसांच्या गर्दीत श्वास कोंडल्यासारखे होते, त्याला त्या नादात मोकळी हवा मिळते. एक नाद ओसरला तर दुसऱ्याचा आधार असतो. एवढे मोल पुरे आहे.

पण कॅव्हेंडिशच्या घरातल्या काही गोष्टींना पैसा लागत नाही. बापाने मुलाला आपल्या कामात शेजारी बसवून घेतले. दर आठवड्याचा एक गुरुवार ठरून गेला होता, कुठे जायचे आणि तिथे कोण भेटणार हे आधीच ठाऊक असे. माणसांनी डोळ्याला डोळा भिडवण्याचा हट्ट सोडला आणि बोलण्याची जागा मोकळी ठेवली. एकच गोष्ट राहून गेली. त्याच्या वह्या वेळेवर उघडून, यातले हे जगाला सांगू या, असे म्हणून ते तडीला नेणारे कोणी भेटले नाही.

तेव्हा घड्याळ उघडून बसलेल्या मुलाला हाक मारण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी बसावे. ते काय मोजते आहे, हे त्याच्याकडे न पाहता, घड्याळाकडे पाहत विचारावे. उत्तर आले तर ऐकावे, आणि जमल्यास एका वहीत टिपून ठेवावे. आपल्या आजीच्या पेटीतही जुन्या लुगड्यांच्या चिंध्या असत. त्यांतला कुठला तुकडा कुठे बसेल हे तिला पहिल्या दिवशी ठाऊक नसे. तिने फक्त एक केले, त्या फेकून दिल्या नाहीत. म्हणून थंडीच्या रात्री घराला गोधडी मिळाली.